स्पर्धकांची माहिती काढणारा माणूस: एआयच्या काळात हा पेशा टिकेल का?

हिंगणा_रोड (धागाकर्ता)

मी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात नोकरी करतो. कार्डावर 'मार्केट रिसर्च' असे लिहिले आहे, पण प्रत्यक्षातले काम कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्सचे, म्हणजे सीआयचे. समोरच्या कंपन्या काय करत आहेत, पुढे काय करतील आणि त्यामुळे आपण काय करायला हवे, हे मालकांपुढे ठेवायचे. औषध कंपन्यांत आणि मोठ्या आयटी कंपन्यांत या कामाचे स्वतंत्र विभाग असतात. आपल्याकडे हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर एमआयडीसीत हेच काम कोणी ना कोणी करतोच, पण 'हे माझे काम' असे सांगणारी माणसे फार थोडी.

हल्ली भेटेल तो विचारतो, एआय आल्यावर तुझे काय? मालकांच्या मुलाने विचारले, एमबीए करणाऱ्या एका पोराने विचारले. माझे मत ठरलेले आहे, ते इथे मांडतो. पटत नसेल तर सविस्तर लिहा.

आधी काम कसे चालते ते सांगतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. वितरण ट्रान्सफॉर्मरचा धंदा टेंडरवर चालतो. आधी तांत्रिक बोली उघडते, मग दराची. सर्वांत कमी दरवाला तो एल-वन. २०२१ मध्ये केंद्राने वीज वितरण सुधारण्यासाठी आरडीएसएस ही तीन लाख कोटींहून मोठी योजना आणली, तेव्हापासून या धंद्यात मागणीही वाढली आणि चढाओढही. अशा वेळी कोणता दर टाकायचा हे नुसत्या आपल्या खर्चावरून ठरत नाही. समोरच्याच्या हातात किती ऑर्डरी आहेत, त्याची क्षमता किती, तो नवा शेड टाकतो आहे का, त्याला ही ऑर्डर किती गरजेची आहे, यावर ठरते.

यातले काहीही चोरावे लागत नाही. कंपनीने मालमत्ता तारण ठेवून कर्ज घेतले की तो बोजा तीस दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो. शंभर रुपये फी भरली की कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही ती कागदपत्रे पाहता येतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात उत्पादनाची मंजूर क्षमता लिहिलेली असते. वाइंडिंगवाले आणि टेस्टिंग इंजिनिअर हवेत अशी जाहिरात आली की नवी लाइन जवळ आली असे समजायचे. जुन्या टेंडरांचे निकाल आपल्याकडे असतातच. तांबे, ॲल्युमिनियम, सीआरजीओ पत्रा (ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचे खास पोलाद) यांचे दर इमा ही उद्योगसंघटना दर महिन्याला काढते. हे सगळे एका टेबलावर मांडले की समोरचा येत्या टेंडरला जोर लावणार की सोडून देणार, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

माझे म्हणणे असे. यातले जमवाजमवीचे काम यंत्राकडे गेलेच आहे, आणि ते जाण्याबद्दल मला दुःख नाही. पेशा टिकेल तो दोन गोष्टींवर. जे कुठेही लिहिलेले नाही ते माणसांकडून, खरे नाव सांगून, काढता येणे ही एक. आणि मालकांना नको असलेली गोष्ट निर्णयाच्या आधी तोंडावर सांगता येणे ही दुसरी. ज्यांचे सगळे कौशल्य सुबक पीपीटी करण्यात होते त्यांना पुढची वर्षे कठीण आहेत.

---

कोडवाला_मिहान

मी अशाच एआय यंत्रणा बांधतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

स्पर्धकांच्या संकेतस्थळावरचे बदल, दरपत्रके, नोकरीच्या जाहिराती, तिमाही निकालानंतरच्या कॉलचे शब्दांकन, टेंडरच्या शेकडो पानांच्या पीडीएफ, हे सगळे रात्रीतून वाचून सकाळी सारांश हजर असतो. तुम्ही म्हणता ती बोज्याची कागदपत्रेही मॉडेल वाचते, संमतिपत्रही वाचते, आणि दोन्ही ताडून 'क्षमतावाढीची शक्यता' असेही लिहिते. चॅटजीपीटी लोकांपुढे आले नोव्हेंबर २०२२ मध्ये. तिथपासून आजपर्यंत कुठे पोहोचलो ते बघा.

'अर्थ लावायला माणूसच लागेल' असे प्रत्येक पेशातला माणूस म्हणतो. भाषांतरवाले म्हणत होते, हिशेबवाले म्हणत होते. मला ते सांत्वन वाटते. अर्थही यंत्र लावेल. मोठ्या कंपनीत दोन माणसे उरतील, आणि लहान कंपनीत मालक स्वतःच मोबाइलवर विचारेल.

---

हिंगणा_रोड (धागाकर्ता)

कोडवाला, अर्थ लावेल हे मी नाकारतच नाही. पण तोच अर्थ समोरच्यालाही मिळेल, त्याच दिवशी, त्याच शब्दांत. मग त्यातून आघाडी कुठून मिळणार?

ताजे उदाहरण देतो. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला लागणाऱ्या सीआरजीओ पत्र्यासाठी आपला देश मोठ्या प्रमाणात आयातीवर राहिला आहे. नाशिकचा थायसेनक्रुपचा कारखाना जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफईच्या संयुक्त कंपनीने घेतला. २०२५ च्या सुरुवातीला तो व्यवहार पूर्ण झाला. बातमी सगळ्यांना एकाच वेळी कळली. मॉडेलला विचारले तर नीटनेटके उत्तर येते: देशी पुरवठा वाढेल, आयात कमी होईल. चूक काहीच नाही. पण मालकांचा प्रश्न वेगळा होता. आमच्यासारख्या मध्यम खरेदीदाराचा नंबर कितवा लागणार? माल थेट मिळणार की स्लिटिंगवाल्यामार्फत, म्हणजे पत्रा पट्ट्यांत कापून देणाऱ्यामार्फत? उधारी किती दिवसांची? हे कुठल्याच पानावर नाही. त्यासाठी स्लिटिंग सेंटरवाल्यांशी, जुन्या पुरवठादारांशी, माल वाहणाऱ्यांशी बोलावे लागले, आणि तेही फोन फिरवून लगेच होत नाही. वर्षानुवर्षे दिवाळीला भेटत राहिलेला माणूसच असे बोलतो.

दुसरे असे की यंत्राने दिलेले तपासावेच लागते. एका सारांशात आमच्या स्पर्धकाच्या नावावर मोठी क्षमतावाढ दाखवली होती. मुळापर्यंत गेलो तर ती जवळपास तेच नाव असलेल्या, पण दुसऱ्या राज्यातल्या कंपनीची निघाली. त्या आकड्यावर दर ठरला असता तर टेंडर हातात येऊनही नुकसानच झाले असते. आता तर संकेतस्थळांवर यंत्राने लिहिलेला मजकूर यंत्रच वाचते आहे. उद्या एखादा स्पर्धक मुद्दाम दिशाभूल करणाऱ्या जाहिराती टाकेल, तीही हीच यंत्रणा भाबडेपणाने उचलेल.

आणि मालक मोबाइलवर विचारेल म्हणता, तर विचारू द्या की. फक्त आपले टेंडरचे गणित आणि खर्चाचा तक्ता बाहेरच्या कोणत्याही फुकटच्या सेवेत चिकटवू नये, एवढे त्याला कोणीतरी सांगायला हवे. तेही आमच्याच कामात येते.

---

बागवान_काटोल

भाऊ, नवीन नाव देऊन जुनंच सांगून राहिले तुम्ही. संत्र्याच्या धंद्यात आमी हे बापजाद्यापासून करून राहिलो. आंबिया बहाराचा माल निघायच्या आधी अबोहरले फोन जातेच, पंजाबात किन्नू, म्हणजे तिकडचा संत्रा, किती लागला म्हणून. डिसेंबरात किन्नू दिल्लीच्या मंडीत उतरला का आपल्या संत्र्याचा भाव पडते, हे लहान पोराले बी ठाऊक हाय. वरुड-मोर्शीवाल्यांनी किती बगीचे ठरवले, कोणत्या व्यापाऱ्याच्या गाड्या कुठी चालल्या, कळमन्याच्या मंडीत किती आवक झाली, सारं संध्याकाळपर्यंत समजते. याले काहून पगारी माणूस पाहिजे?

बांगलादेशाचंच घ्या. तिथं आपला संत्रा लय जात होता. त्याईनं आयात ड्युटी टप्प्याटप्प्यानं वाढवली, अन् माल जाणं कमी झालं. आमाले माहीत नोतं असं नाही. पण बगीचा तर फळ हिरवं असतानाच ठरते, पैसा देऊन मोकळे झालेलो असतो. मंग कळून काय करता?

---

हिंगणा_रोड (धागाकर्ता)

काटोलकर भाऊ, तुम्ही जे शेवटी लिहिले तेच या पेशाचे मर्म आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माहिती होती, पण बगीचा ठरून गेल्यावर तिचा उपयोग उरला नाही. म्हणजे कमी पडली ती वेळ. नवे म्हणण्यासारखे काही या पेशात असेल तर ते हेच, की माहितीपासून सुरुवात करायची नाही, निर्णयापासून करायची. अमेरिकेत १९८० च्या दशकात मोटोरोलाचे प्रमुख बॉब गॅल्विन यांनी सीआयएमधले जॅन हेरिंग यांना कंपनीत आणले आणि असा विभाग उभा केला. हेरिंग यांची पद्धत साधी होती. आधी वरिष्ठांना जाऊन विचारायचे: येत्या काळात तुम्ही कोणते निर्णय घेणार आहात, कोणत्या गोष्टीने अचानक धक्का बसू नये असे तुम्हाला वाटते, आणि कोणत्या स्पर्धकाबद्दल नीट समजून घ्यायचे आहे? त्यातून विषय ठरवायचे, आणि तेवढ्याच विषयांवर काम करायचे.

तुमच्या धंद्यात हे कसे दिसेल ते सांगतो. बगीचे ठरवायच्या आधीच प्रश्न लिहून काढायचा: 'ड्युटी आणखी वाढली तर हा भाव परवडतो का? नाही परवडला तर कोणते बगीचे सोडायचे, किती माल दक्षिणेकडे वळवायचा, किती प्रक्रियेला द्यायचा?' आणि त्या मुदतीच्या आत ढाक्याच्या आयातदाराशी, सीमेवर कस्टममधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटाशी बोलून उत्तर आणायचे. अबोहरचा फोन तुम्ही करताच. तो योग्य तारखेला होतो का, आणि त्यातून कळलेले सौदा करणाऱ्या माणसाच्या कानावर सौद्याआधी पडते का, एवढीच गोष्ट आहे. एकट्या व्यापाऱ्याला यासाठी पगारी माणूस परवडणार नाही. पण शेतकरी उत्पादक कंपन्या आता आहेत. चार कंपन्यांनी मिळून एक मुलगी किंवा मुलगा ठेवला तर परवडेल, असे मला मनापासून वाटते.

---

बागवान_काटोल

हे पटते. क्लिअरिंगवाला अगोदरच सांगते ड्युटी वाढून राहिली म्हणून, पण थो सांगते आमच्या गाडीवाल्याले. सौदा करणाऱ्यापर्यंत येतच नाही.

---

शंकरनगर_टू_औंध

माहेर नागपूर, सध्या पुण्यात औषध क्षेत्रात सीआय ॲनालिस्ट आहे. आमच्याकडचे चित्र लिहिते, कारण आमच्याकडे यंत्र आधी आले.

आमचा बराचसा कच्चा माल सरकारी नोंदवह्यांत असतो. भारतात औषधांच्या चाचण्यांची सीटीआरआय ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. अमेरिकेचीही तशीच नोंदवही आहे. कोणती कंपनी कोणत्या आजारावर चाचणी करते आहे, रुग्णभरती कधी संपणार, केंद्रे का बंद केली, हे त्यातून वाचायचे. नवीन लागलेली मुलगी पहिले वर्षभर हेच करत असे. रोज नोंदी उतरवायच्या, तारखा सरकल्या की खूण करायची. अत्यंत कंटाळवाणे काम. पण त्या कंटाळ्यातूनच नजर तयार व्हायची. भरतीची तारीख दुसऱ्यांदा सरकली की काहीतरी बिनसले आहे, हे मला कोणी शिकवले नाही. शेकडो नोंदी हाताखालून गेल्या म्हणून कळायला लागले.

आता ते काम यंत्र करते आणि नवीन मुली घेणे जवळजवळ थांबले आहे. माझी खरी काळजी इथे आहे. हिंगणा_रोड म्हणतात तसा सांगणारा माणूस टिकेलही. पण पंधरा वर्षांनंतरचा सांगणारा कुठे घडतो आहे? खालच्या पायऱ्या काढून टाकल्या तर वर कोण पोहोचणार? कंपन्या याचा विचार करताना मला दिसत नाहीत, आणि याचा राग येतो.

आणखी एक लिहायलाच हवे. पूर्वी एका एजन्सीत असताना मला सांगितले गेले, 'विद्यार्थिनी आहे, प्रोजेक्टसाठी माहिती हवी आहे, असे सांगून त्या कंपनीत फोन लाव.' मी नाही म्हटले. काम दुसऱ्या कोणाला दिले गेले आणि ते झाले. या पेशाला समाजात मान नाही तो अशा लोकांमुळे. या क्षेत्राची स्किप नावाची संघटना १९८६ पासून आहे. मुलाखतीआधी आपली आणि आपल्या संस्थेची खरी ओळख द्यायची, असे तिच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे. पण संघटनेचे सभासद नसलेल्यांना ती संहिता लागूच नाही.

---

सिव्हिल_लाइन्स

वकील आहे, म्हणून कायद्याची बाजू. काही गोष्टी उद्योजकांनाही माहीत नसतात.

व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे अजून स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेने १९९६ मध्येच आर्थिक हेरगिरीविरोधी कायदा केला. आपल्या विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस केली आणि मसुदाही जोडला. तोवर करारभंग, विश्वासभंग आणि फौजदारी कायद्यातली कलमे यांवरच काम भागवावे लागते. पण स्वतंत्र कायदा नाही म्हणजे मोकळे रान आहे असे समजू नका. स्पर्धकाचा कर्मचारी फोडून त्याच्या लॅपटॉपातली ग्राहकयादी घेतली तर न्यायालये मनाई हुकूम देतात.

आयात-निर्यातीच्या आकडेवारीचे तर फार सांभाळा. पूर्वी कोणत्या कंपनीने कुठून, किती, काय भावाने माल मागवला याचे तक्ते सर्रास विकले जात. २०२२ च्या वित्त कायद्याने सीमाशुल्क कायद्यात कलम १३५एए आले. आता अशी माहिती कायद्याने परवानगी नसताना प्रसिद्ध केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणी पेनड्राइव्हमध्ये असा डेटा घेऊन आला तर विकत घेऊ नका.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या अकाउंट्समधला मित्र निकालाआधी आकडे सांगत असेल तर तो सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांचा विषय होतो. 'मी शेअर घेतले नाहीत' एवढ्याने सुटका होत नाही, कारण अशी माहिती मिळवण्यावर आणि पुढे देण्यावरही बंधन आहे.

आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे उद्योगसंघटनेच्या बैठकीनंतर चहाच्या टेबलावर स्पर्धकाशीच होणारी दराची बोलणी. तिथे गुप्तवार्तेचा संबंध संपतो आणि संगनमत सुरू होते. २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड केला होता; अपिलात तो आदेश रद्द झाला, पण २०१६ मध्ये आयोगाने फेरसुनावणी करून पुन्हा दंड ठोठावला. टेंडरवर चालणाऱ्या धंद्यांत हा धोका रोजचा आहे.

माहिती अधिकाराबद्दलही विचारणा होते. कलम ८(१)(घ) प्रमाणे व्यापारी गुपिते आणि वाणिज्यिक विश्वासाची माहिती नाकारता येते, पण व्यापक जनहित असेल तर द्यावी लागते. त्रयस्थ कंपनीला आधी नोटीस जाते. म्हणजे तुम्ही विचारले हे तिला कळतेच, हे धरून चाला.

---

हिंगणा_रोड (धागाकर्ता)

वकीलसाहेब, ही पोस्ट मी छापून आमच्या सेल्स खोलीत लावणार आहे.

शंकरनगर ताई, तुमच्या काळजीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण आम्ही एक करतो आहोत. नव्या मुलाला यंत्राचा सारांश दाखवायच्या आधी मूळ कागद द्यायचा. तो स्वतःचे टिपण लिहितो, मगच यंत्राचे टिपण उघडतो, आणि दोहोंत फरक कुठे पडला ते माझ्यासमोर बसून सांगतो. वेळ जातो, मालक कुरकुर करतात. पण तुम्ही म्हणता ती नजर यायला मला दुसरा रस्ता दिसत नाही.

खोटी ओळख देण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. २००१ चे प्रॉक्टर अँड गॅम्बलचे प्रकरण या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या लोकांनी युनिलिव्हरच्या कचऱ्यातून कागद उचलले. वरिष्ठांना हे कळल्यावर त्यांनी स्वतः युनिलिव्हरला सांगितले आणि तडजोड केली. मला त्यातला कबुलीचा भाग महत्त्वाचा वाटतो. आपल्या गावात तर सगळे एकमेकांच्या ओळखीचे. व्हीआयएच्या (विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनच्या) कार्यक्रमात, लग्नात, क्लबात तीच माणसे भेटतात. एकदा 'हा खोटे बोलून माहिती काढतो' असे नाव झाले की पुन्हा कोणी दार उघडत नाही.

---

जुनी_नोंद

माहिती आणि ग्रंथालय क्षेत्रातून निवृत्त झालो. आपल्या गावाबद्दल एक गोष्ट या चर्चेत यायला हवी. या पेशासाठी नागपूर आडबाजूला आहे असे सगळे धरून चालले आहेत. मला उलट वाटते.

पेटंट इन्फर्मेशन सिस्टीम ही केंद्राची संस्था १९७५ पासून नागपुरात आहे. पेटंटची माहिती उद्योगांना आणि संशोधकांना मिळावी यासाठीच ती काढली. बौद्धिक संपदा व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय संस्थाही इथेच आहे. पेटंटचा अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. म्हणजे स्पर्धक दीड वर्षापूर्वी काय शोधत होता ते अधिकृतपणे वाचता येते, आणि त्याचा माल बाजारात यायला बहुधा अजून अवकाश असतो. आता हे सगळे घरबसल्या संगणकावर दिसते, पण पेटंटमधले दावे वाचायला शिकवणारी माणसे आपल्या गावात आहेत याची किंमत निराळी.

भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय इथे. तो खनिजांचे सरासरी विक्रीदर राज्यवार दर महिन्याला प्रसिद्ध करतो. मँगनीज खाणींची सरकारी कंपनी मॉइल, तिचे मुख्यालय इथे. मँगनीज खनिजाचे दर बदलले की ती कंपनी शेअर बाजाराला कळवते. फेरोॲलॉयचा (पोलादात घालायच्या मिश्रधातूंचा) कारखाना चालवणाऱ्याला स्पर्धकाचा कच्च्या मालाचा खर्च यावरून जवळजवळ काढता येतो. वेकोलिचे (वेस्टर्न कोलफिल्ड्सचे) कोळशाचे लिलाव आहेत. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसोचे मुख्यालय सेमिनरी हिल्सला. खाण, धातू, स्फोटके, वीज या धंद्यांची माहिती जिथे उगम पावते त्या गावात आपण राहतो. कमी आहे ती हे सगळे एकत्र वाचणाऱ्या माणसांची. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये स्पर्धक कसा अभ्यासावा याची चौकट मांडली, ती इथल्या मॅनेजमेंटच्या वर्गांत आजही शिकवतात. पण ती चौकट घेऊन खाण ब्युरोचे दरपत्रक उघडलेला विद्यार्थी मला माझ्या नोकरीच्या काळात क्वचितच भेटला.

---

कोडवाला_मिहान

जुनी_नोंद, तुमच्या यादीतले जवळजवळ सगळे मी यंत्रणेला जोडू शकतो, आणि जोडीनही. पण स्लिटिंगवाल्याचे आणि क्लिअरिंग एजंटाचे उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. ते जोडायला माझ्याकडे काही नाही. 'दोन माणसे उरतील' हे मत मी बदलत नाही. ती दोन माणसे सध्या ज्यांना बढती मिळते त्यांच्यापेक्षा वेगळी असतील, एवढे मान्य.

---

अंबाझरी_एमबीए

मी शेवटच्या वर्षाला आहे. प्लेसमेंटला हे पद कोणी आणत नाही. मग सुरुवात कुठून करायची? आणि मालकाला नको असलेले सांगायचे म्हणता, ते नव्या माणसाला शक्य आहे का?

---

हिंगणा_रोड (धागाकर्ता)

पद शोधू नकोस. टेंडर विभाग, खरेदी विभाग किंवा सेल्स कोऑर्डिनेशन, यांपैकी कुठेही शिर. खरेदीत मिळाले तर उत्तम, कारण पुरवठादार तुझ्याकडेही येतो आणि स्पर्धकाकडेही जातो. ताळेबंद वाचायला शीक, विशेषतः टिपा. हरलेल्या ऑर्डरनंतर ग्राहकाला फोन करून 'आम्ही कुठे कमी पडलो' हे शांतपणे विचारायची सवय लाव. हे जगात सगळीकडे करतात, आपल्याकडे हरल्यावर कोणी फोन करत नाही.

नको ते सांगण्याबद्दल. एकट्याने उभे राहून 'साहेब, तुमचे चुकते आहे' म्हणायचे नसते, आणि तसे कोणी ऐकतही नाही. मोठ्या टेंडरआधी आम्ही अर्धी टीम स्पर्धकाच्या खुर्चीत बसवतो. त्याच्याकडे असेल तेवढीच क्षमता, तेवढेच कर्ज, तेवढ्याच ऑर्डरी धरून त्यांनी त्यांचा दर ठरवायचा. मालकही त्या खोलीत असतात. आपल्याच माणसांनी स्पर्धकाच्या बाजूने आपल्याला हरवलेले त्यांनी पाहिले की वेगळे काही बोलावे लागत नाही. नव्या माणसालाही हे करता येते, कारण तो भूमिकेतून बोलत असतो.

फक्त एक पाहा. हे काम सेल्सच्या प्रमुखाच्या हाताखाली असेल तर हरल्याचे कारण नेहमी 'दर' हेच निघते. शक्य असेल तर थेट मालकांना किंवा फायनान्सला रिपोर्ट करणारी जागा घे.

---

अंबाझरी_एमबीए

काल धागा वाचून एक करून पाहिले. कळमेश्वर भागातल्या एका खाद्यपदार्थ कंपनीचे संमतिपत्र उघडले. नाव लिहीत नाही. मागच्या संमतीपेक्षा क्षमता बरीच वाढलेली दिसते. पण शंभर रुपये भरून बोजे पाहिले तर नवीन कर्ज एकही नाही. मग वाढ होते आहे की नाही?

---

हिंगणा_रोड (धागाकर्ता)

छान. तीन शक्यता धर. एक, स्वतःच्या नफ्यातून करत आहेत. ताळेबंदात 'प्रगतिपथावरील भांडवली काम' ही ओळ पाहा, दोन वर्षांची शेजारी ठेवून. दोन, कर्ज त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर आहे. संचालकांची नावे घेऊन त्यांच्या बाकीच्या कंपन्या शोध आणि त्यांचेही बोजे बघ. तीन, संमती घेऊन ठेवली आहे, काम सुरूच नाही. असे पुष्कळ जण करतात.

तिसरीसाठी एखाद्या दिवशी तिकडून चक्कर मार. सार्वजनिक रस्त्यावरून नवा शेड, क्रेन, सिमेंटचे मिक्सर दिसतात का तेवढे बघायचे. गेटच्या आत जायचे नाही, वॉचमनने विचारले तर कोण आहेस आणि कशासाठी आलास ते खरे सांगायचे. मग जवळच्या पॅकिंग फिल्मवाल्याकडे जा. त्याला ऑर्डर वाढल्या का, हे तो सांगेल किंवा सांगणार नाही. सांगितले नाही तर आग्रह धरू नकोस, पुन्हा कधीतरी जाता येईल.

तिन्ही पाहून झाल्यावर इथेच लिही. कंपनीचे नाव मात्र तेव्हाही नको.